पस्तीस मायक्रॉनचे दाजी

गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला कारखान्यातूनच एक फिल्टर बसवलेला असतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण एकदा आमचे दाजी बोलायला लागले की ही साधी गोष्ट ऐकणाऱ्याच्या ध्यानात राहत नाही. गिअरबॉक्सच्या तळाला पत्र्याचा पसरट पॅन असतो, त्यात तेल साठतं आणि त्या तेलात हा फिल्टर बुडालेला असतो. शेजारी एखाददुसरं चुंबक चिकटवलेलं असतं, लोखंडाचा कीस धरून ठेवायला. म्हणजे बंदोबस्त आहे. तो कुणी केला? ज्यांनी गिअरबॉक्स बनवला त्यांनी. त्यांना त्यातलं कळत असेल का? दाजींच्या मते, बेताचंच.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे कराडचे, पण न्यू जर्सीत इतकी वर्षं काढलेली की आता कराडला गेल्यावर त्यांचं पोट बिघडतं. एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात आहेत. काम असं, की दिवसभर केलं तरी संध्याकाळी बोट ठेवून 'हे मी केलं' म्हणून दाखवता येत नाही. मी त्याच राज्यात, तासाभराच्या अंतरावर राहतो. त्यांच्या गॅरेजमध्ये काही खोलायचं असलं की मला बोलावणं येतं. माझं यंत्रज्ञान मोठं आहे म्हणून नव्हे. बॅटरी धरायला माणूस लागतो म्हणून.

बॅटरी धरणं हा मराठी घरातला एक कायमचा हुद्दा आहे. त्याला बढती नाही आणि त्यातून सुटकाही नाही. फ्यूज घालणाऱ्या वडिलांमागे बॅटरी धरून मी या क्षेत्रात आलो आणि पस्तिशी ओलांडून अमेरिकेत पोचलो तरी हातात बॅटरीच. या कामाचा नियम एकच. उजेड जिथे आहे तिथे तो कधीच नको असतो. "तिकडं नको, हिकडं. हिकडं म्हणजे तिकडं नव्हं." दाजी एरवी इंग्रजी मुलाखती घेतात, पण गाडीखाली शिरले की कृष्णाकाठची भाषा आपोआप सुरू होते.

तर गाडी. सात जण बसतील अशी मिनीव्हॅन, सेकंडहँड, एक लाख तीस हजार मैल पळालेली. चालायला उत्तम. तिची कसलीही तक्रार नव्हती आणि दाजींच्या डोक्यात किडा शिरला तो नेमका तिथूनच. गाडीच्या पुस्तिकेत गिअरबॉक्सच्या तेलाबद्दल लिहिलं होतं, की ते आयुष्यभरासाठी भरलेलं आहे. तेल तपासायला डिपस्टिकसुद्धा ठेवलेली नव्हती.

दाजींचे वडील आयुर्विम्याचे एजंट होते. आयुष्य हा शब्द त्या घरात कुणी मोघम वापरत नाही. दाजी थेट सर्व्हिसच्या काउंटरवर गेले आणि विचारलं, "आयुष्यभर म्हणजे कुणाच्या?" तिथला तरुण म्हणाला, "गाडीच्या." "गाडीचं आयुष्य किती?" त्याने जरा विचार केला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "गिअरबॉक्स जाईपर्यंत." "आणि गिअरबॉक्स कशानं जातो?" "बहुतेक वेळा तेलानं." दाजींनी त्याचे आभार मानले. विम्याच्या घरातल्या माणसाला यापुढचं समजावून सांगावं लागत नाही. तेलातला कचरा अडवायला आपलाच एक जादा फिल्टर लावायचा, हे त्यांच्या मनात तिथेच बसलं.

खरं तर या प्रकरणाचं मूळ १९३९ सालात आहे. त्या वर्षी जनरल मोटर्सने ओल्ड्समोबिलच्या १९४०च्या गाड्यांसाठी हायड्रामॅटिक नावाचा पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बाजारात आणला. वरचे सत्तावन्न डॉलर द्यायचे आणि क्लचपासून सुटका करून घ्यायची. लगेच युद्ध आलं आणि हेच यंत्र अमेरिकेच्या एम-५ स्टुअर्ट रणगाड्यात गेलं. दोन कॅडिलॅक इंजिनं, प्रत्येकाला एक हायड्रामॅटिक. रणगाड्यात टिकलं ते बाजारहाटाला जाणाऱ्या बायाबापड्यांच्या हाती टिकणारच, असं युद्धानंतर कंपनीने लोकांना पटवलं आणि लोकांना ते पटलं. अमेरिकन माणसाचा डावा पाय तेव्हापासून पेन्शनीत आहे. उजवा हात निम्म्या पगारावर.

दाजींचा नाही. दाजी चेतकवर वाढले. डाव्या मुठीत गिअर, तो कधी पडतो आणि कधी पडल्यासारखं करतो हे फक्त मनगटाला कळायचं. स्कूटर चालू झाली नाही तर तिला एका अंगावर कलती करायची, मग प्लग काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा, फुंकर मारायची आणि किक. गाडी सुरू झाली की ती इंजिनाने नव्हे, आपण सुरू केली असं वाटायचं. त्यात खोटं काही नव्हतं. आता ते ज्या गाडीत बसतात तिच्यात एक दांडी 'डी'वर ओढली की पुढचा सगळा कारभार एका बंद खोक्यात होतो. कुठला गिअर कधी, हे ठरतं तिथेच. विचारत कुणी नाही. माझं मत असं, की दाजींना तेलातल्या कचऱ्याचा एवढा राग कधीच नव्हता. त्यांचा राग त्या खोक्यावर होता.

कराडला राहिलेल्या त्यांच्या धाकट्या भावाने मध्यंतरी एएमटीवाली गाडी घेतली. २०१४ साली मारुतीने सेलेरिओत आणला तो प्रकार. गिअरबॉक्स आपला नेहमीचाच, क्लचही आहे, फक्त पायाच्या आणि हाताच्या जागी यंत्र दाबतं आणि ढकलतं. दाजींनी फोनवर विचारलं, "रेडिएटरकडं जाणाऱ्या तेलाच्या नळ्या आहेत का?" भाऊ म्हणाला, नाहीत. दाजींना त्याची कीव आली. म्हणजे जादा फिल्टर लावायचा म्हटला तर जागाच नाही.

आता खोक्यात काय चालतं ते थोडं सांगायला हवं, कारण दाजींची भीती अगदीच निराधार नव्हती. साध्या गिअरबॉक्समध्ये तेल दातांना वंगण देतं आणि गप्प बसतं. ऑटोमॅटिकमध्ये तेलच राज्य करतं. इंजिनाचा जोर चाकांकडे जातो तो टॉर्क कन्व्हर्टरमधून, म्हणजे एका पात्याने ढकललेलं तेल दुसऱ्या पात्याला फिरवतं म्हणून. गिअर बदलतात ते तेलाच्या दाबाने, व्हॉल्व्ह बॉडी नावाच्या एका धातूच्या ठोकळ्यातून. त्याच्या आत नागमोडी वाटा असतात आणि त्या वाटांवर बारीक झडपा सरकत असतात. उष्णता वाहून नेतं तेल, वंगण देतं तेल. आणि आत पोलादी चकत्यांना चिकटवलेली कागदासारखी अस्तरं असतात, त्यांनी नेमकं किती घसरायचं आणि कधी पकडायचं हेही तेलाच्या गुणावर ठरतं. ती अस्तरं झिजतात. त्यांची पूड तेलात मिसळते. पूड झडपेत अडकली की गिअर पडताना गाडी गचका देते, आणि अमेरिकेत गचक्याची किंमत तीन-चार हजार डॉलरपासून पुढे सुरू होते.

हे तेल लाल असतं. मुळात नव्हे, रंग घालून. खाली डाग पडला तर तो इंजिनाचा की गिअरबॉक्सचा हे कळावं म्हणून. आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत त्यात स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशाचं तेल घालत. अस्तरांनी हळुवार पकडावं, गचका बसू नये, यासाठी ते फार गुणाचं होतं. पुढे देवमाशांना संरक्षण मिळालं आणि रसायनशास्त्रज्ञांना नव्याने डोकं चालवावं लागलं. ही माहिती दाजींनी जेवताना सांगितली. त्यांच्या आई तेव्हा सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांनी घास हातात धरूनच विचारलं, "आपल्या गाडीत न्हाई न्हवं?"

"नाही आई. सत्तरच्या दशकातच बंद झालं."

"तरी चातुर्मास हाय, एकदा बघून घे."

याच जेवणात दाजींनी नव्या फिल्टरचा बेत जाहीर केला. गिअरबॉक्समधून गरम तेल एका नळीने रेडिएटरकडे जातं, तिथे निवतं आणि दुसऱ्या नळीने परत येतं. त्या परतीच्या नळीत मध्येच एक छोटा फिल्टर बसवायचा. आत घडीचा कागद, सोबत चुंबक, पस्तीस मायक्रॉनपर्यंतचा कण अडवणारा. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या निम्म्या जाडीचा कचराही सुटणार नाही. दाजींनी नमुन्यादाखल केस शोधायला स्वतःच्या डोक्याकडे हात नेला, तिथली परिस्थिती आठवली आणि तो ताईच्या डोक्याकडे वळवला. ताई वाटी घेऊन आत गेली.

सगळं ऐकून घेतल्यावर आई म्हणाल्या, "म्हंजे नळाला फडकं."

एवढं नेमकं वर्णन मी त्या विषयावर कुठल्याही इंजिनिअरकडून ऐकलेलं नाही. पावसाळ्यात कृष्णेला गढूळ पाणी आलं की कराडच्या घराघरांत नळाला पांढरं फडकं बांधलं जायचं. नगरपालिकेनं पाणी गाळून सोडलेलंच असे, पण नगरपालिकेनं गाळलेलं आणि आपण गाळलेलं यात फरक राहतोच. दाजी खूश झाले. आई पुढे म्हणाल्या, "पर फडकं रोज धुवावं लागतं. न्हाईतर पानीच येत न्हाई." हे वाक्य दाजींनी ऐकलं नाही, कारण ते तोवर फोनवर फिल्टर मागवत होते.

फिल्टर वीसेक डॉलरचा. त्याच्यासाठी घेतलेलं सामान किती डॉलरचं, हा आकडा ताईला अजून कळलेला नाही, म्हणून इथे लिहीत नाही. नळीचा व्यास पाच सोळांश इंच की तीन अष्टमांश इंच, हे मोजायला व्हर्निअर कॅलिपर आला. अमेरिकेने मेट्रिक पद्धतीला दारातच उभं करून ठेवलंय, त्यामुळे इथल्या दुकानात पावकी-निमकी पाठ असलेल्या आपल्या आज्यांचं जितकं चाललं असतं तितकं आयआयटीवाल्याचं चालत नाही. गरम तेल सोसणारी खास रबरी नळी आली, कारण पेट्रोलची साधी नळी या तेलाने मऊ पडून फुगते. क्लॅम्प आले. गाडी उचलायचे स्टँड आले. शिवाय पट्ट्याने कपाळाला बांधायची बॅटरी आली. तिच्याकडे बघून माझ्या मनात थोडी धाकधूक झाली, पण दाजी म्हणाले, "तू ये. ही फक्त मी बघतो तिकडंच पडते."

कामाला जागा गॅरेजचीच, कारण दाजींच्या वसाहतीच्या नियमावलीत घरासमोरच्या रस्त्यावर गाडीची दुरुस्ती करायला मनाई आहे. घरांचे रंग, कचऱ्याच्या डब्यांची वेळ, अंगणातल्या गवताची उंची, सगळ्याला कलम आहे. गॅरेजचं शटर त्यामुळे अर्धं खाली ओढलेलं. बाहेरून चालणाऱ्याला फक्त माझे पाय आणि त्यांच्या शेजारी जमिनीला समांतर दाजींचे पाय दिसत होते. वसाहतीच्या समितीवरचे एक गृहस्थ कुत्रा घेऊन गेले. थोड्या वेळाने तेच कुत्रं घेऊन परत आले. कुत्र्याची तेवढी गरज दिसत नव्हती.

पहिला प्रश्न: दोन नळ्यांपैकी परतीची कोणती? फिल्टर जाणाऱ्या नळीवर बसवला तर त्यातून तापलेलं तेल जातं, शिवाय रेडिएटरमधून येणारा गाळ सुटतो तो सुटतोच. परतीच्या नळीवर बसवला तर निवलेलं आणि गाळलेलं तेल घरात येतं. हे ओळखायचा सोपा उपाय म्हणजे गाडी थोडी चालवून आणायची आणि नळ्यांना हात लावायचा. जास्त तापलेली ती जाणारी. हा हात कुणाचा असावा याची चर्चा झाली नाही. दाजींनी नुसतं माझ्याकडे पाहिलं.

मी सांगितलं, डावी जास्त गरम आहे. दाजींचा विश्वास बसला नाही. त्यांना पुरावा हवा होता आणि पुरावा म्हणजे तेल. नळी सोडवायची, तिचं तोंड दुधाच्या रिकाम्या कॅनमध्ये धरायचं आणि इंजिन क्षणभर चालू करायचं. धार रेडिएटरच्या बाजूने आली, की परतीची खूण पटली. मिस्त्री लोक याच पद्धतीने प्रवाहही तपासतात. इंजिन नुसतं गुरगुरत ठेवलं तर वीस सेकंदांत साधारण लिटरभर तेल यावं, तर कुलर मोकळा आहे असं समजायचं. ताईला किल्ली देऊन गाडीत बसवलं. तिला सांगितलं होतं, की मी बंद म्हटलं की बंद.

इंजिन चालू झालं. धार आली. कॅनच्या दिशेने नव्हे.

"बंद!"

"काय?"

"बंद कर!"

"काय म्हणताय, ऐकू येत नाही, इंजिन चालू आहे!"

ताईच्या प्रत्येक 'काय'ला बरंच तेल पडत होतं. शेवटी मी खिडकीजवळ जाऊन गळ्यावरून बोट फिरवलं, तेव्हा तिने इंजिन बंद केलं आणि विचारलं, कुणाला लागलं का? खाली सिमेंटवर लालभडक थारोळं, त्यात दाजी उताणे, अर्ध्या उघड्या शटरमधून ते थारोळं उतारावरून सावकाश बाहेर निघालेलं आणि पलीकडे कुत्रा घेऊन उभे असलेले गृहस्थ. त्यांनी फोन खिशातून काढला आणि दाजींनी हात हलवून 'हाय' केल्यावर परत ठेवला.

असं तेल शोषून घ्यायला अमेरिकेत मांजराच्या संडासात घालायची माती टाकतात. दाजी कपडे बदलून, पण कोपरं तशीच लाल ठेवून, ती आणायला गेले. मोठ्या दोन पिशव्या बघून गल्ल्यावरच्या मुलीने कौतुकाने विचारलं, मांजर केवढं आहे? दाजींचं लक्ष अर्थातच गाडीत होतं. ते म्हणाले, "सात सीटर."

खुद्द फिल्टर बसवायचं काम नंतर इतकं चटकन झालं की त्यावर लिहिण्यासारखं काही उरलं नाही. रबरी नळी कापायची, दोन्ही तोंडं फिल्टरच्या दोन टोकांवर चढवायची, क्लॅम्प आवळायचे. फिल्टरवर बाण असतो. तेल ज्या दिशेने वाहतं तिकडे त्याचं टोक हवं. दाजींनी तो बरोबर बसवला, बरोबर आहे का ते बघायला काढला, आणि परत बरोबर बसवला. सांडलेल्या तेलाच्या मापाने नवं तेल घातलं. गाडी चालवून आणली. आधी जशी चालत होती अगदी तशीच चालत होती. दाजी म्हणाले, "बघ, किती फरक पडला!"

फरक दुसऱ्या दिवशी सकाळी दिसला. गाडीखाली एक लाल थेंब.

यात आश्चर्य काही नाही. आधी त्या ठिकाणी एक अखंड नळी होती. आता तिथे दोन तोंडं आणि दोन क्लॅम्प होते आणि जोड म्हटला की तो कधीतरी पाझरणार. दाजींनी क्लॅम्प आवळले. थेंब लहान झाला, पण बंद झाला नाही. गाडीखाली पुठ्ठा अंथरला गेला. पुठ्ठ्यावर पडलेल्या प्रत्येक थेंबाभोवती दाजी पेनाने वर्तुळ काढून तारीख घालू लागले. ताई रोज सकाळी डबा भरताना खिडकीतून हा सोहळा बघायची. एकदा तिने विचारलं, "आधी गळत होतं का?"

"नाही."

"मग?"

"पण आधी घाण होतं."

"ते दिसत होतं का?"

"दिसत नव्हतं, तेच तर!"

यावर ताईकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडे अजून नाही.

दाजींना खरा धक्का बसला तो फिल्टरसोबतचा कागद नंतर सावकाश वाचल्यावर. असले कागद सगळे नंतरच वाचतात. त्यात लिहिलं होतं, की फिल्टरमध्ये एक बायपास झडप आहे. आतला कागद तुंबला, किंवा जानेवारीतल्या थंडीत तेल घट्ट झालं, की दाब वाढून ही झडप उघडते आणि तेल न गाळता बाजूने निघून जातं. दाजींनी ते पुन्हा वाचलं. म्हणजे कचरा थोडा असेल तर फिल्टर अडवणार आणि खूप झाला की वाट करून देणार! मी म्हटलं, दाजी, ते बरोबरच आहे. पुष्कळ गिअरबॉक्समध्ये कुलरमधून परत येणारं तेलच आतल्या भागांना वंगण देतं. झडप नसती आणि फिल्टर तुंबला असता, तर तेल अडून गिअरबॉक्स कोरडा पडून जळाला असता. स्वच्छतेपायी जीव जाण्यापेक्षा घाण तेल परवडलं. दाजींना हे बुद्धीने पटलं, मनाने नाही. जनगणनेपासून निवडणुकीपर्यंत सगळीकडे त्यांना कडक माणसं आवडतात. असा समजूतदार फिल्टर त्यांच्या स्वभावाला मानवणारा नव्हता. "ह्याला फिल्टर कशाला म्हणायचं मग?" ते म्हणाले आणि पुठ्ठा बघायला गेले.

दिवाळीच्या फराळाला त्यांच्याकडे मंडळी जमली. परदेशातल्या मराठी फराळाचा क्रम ठरलेला असतो. बायका आत, पुरुष गॅरेजमध्ये. हातात चकल्या, नजर गाडीच्या पोटाकडे. दाजींनी बॉनेट उघडून व्याख्यान दिलं. मी बॅटरी धरली. त्यानंतर मतप्रदर्शन. एकाचं मत, जुन्या गिअरबॉक्सचं तेल कधीच बदलू नये, तो आतल्या कचऱ्याच्या आधारावरच चालत असतो. या हिशेबाने दाजींचा फिल्टर गाडीचा सावकाश खून करत होता. दुसऱ्याचं मत, फिल्टर ठीक, पण मूळ धोका रेडिएटरमध्ये आहे. त्यातला तेलाचा कुलर आतून फुटला तर पाणी आणि तेल एकत्र होऊन गुलाबी दूध बनतं. इथले मिस्त्री त्याला स्ट्रॉबेरी मिल्कशेक म्हणतात आणि तो दिसला की ट्रान्समिशनची आशा सोडतात. तेव्हा वेगळा बाहेरचा कुलर हवा. दाजींच्या डोळ्यांत चमक आली. ताईने आतून चिवड्याचा डबा जोरात आपटला. तिसरा, धातुशास्त्रात पीएचडी केलेला, शेवटपर्यंत काहीच बोलला नाही. त्याला विचारलं तेव्हा म्हणाला, "मी गाडी सर्व्हिसला देतो." त्याला नंतर कुणी चकली दिली नाही. चौथ्याने सांगितलं, त्याची गाडी विजेची आहे, तिला गिअर बदलायची भानगडच नाही. सगळे काही क्षण गप्प झाले. मग विषय कोल्हापूरच्या भेळेकडे गेला.

माझ्या मते जादा फिल्टरचं सगळं सामर्थ्य एका गोष्टीत आहे: तो उपयोगी पडला की नाही हे कधीच ठरवता येत नाही. गिअरबॉक्स दोन लाख मैल टिकला तर फिल्टरमुळे. उद्याच गेला तर फिल्टर होता म्हणून कालपर्यंत तरी चालला. शिवाय फिल्टर अडवतो तो कण आधीच कुठून तरी झिजून निघालेला असतो. झिजायचं ते झिजून गेलेलं. पुढे त्या कणाने आणखी नुकसान करू नये, एवढंच काम त्याच्या हाती उरतं. ते काम खोटं नाही. पण दाजी ज्या उत्साहाने ते सांगत, त्यावरून ऐकणाऱ्याला वाटावं की गाडी आता मागच्या सालात जाणार.

यथावकाश फिल्टर बदलायची वेळ आली. आईंच्या फडक्याचा सल्ला आता दाजींना स्वतःच्या शोधासारखा आठवला होता. ते दर तीस हजार मैलांनी तो बदलायचा असं ठरवून बसले होते. नवा बसला, आणि जुन्यात काय सापडतं हे बघायला दाजींनी तो शिकंज्यात धरून हॅकसॉने मधोमध कापला. उघडून बघतात तर आत चकचकीत लोखंडी कीस! कागदावर, चुंबकावर, सगळीकडे. दाजी गॅरेजमधल्या स्टुलावर बसले. चेहरा पांढरा. "गेला," ते म्हणाले. "गिअरबॉक्स आतून खातोय." ताईला हाक मारली. ताईने फिल्टर बघितला, मग शिकंजा बघितला, मग खाली जमिनीवर बघितलं, तिथेही तसाच कीस पडलेला होता. तिने विचारलं, "हे करवतीचं नाही का?"

हॅकसॉने लोखंडी डबा कापला की त्याचा कीस आतच पडतो. म्हणून जाणकार लोक फिल्टर उघडायला गोल फिरणारा पाइप कटर वापरतात. तो नुसता दाबत कापतो, कीस करत नाही. दाजींनी तो कटर त्याच आठवड्यात मागवला. आणि आठवडाभर ते नेहमीपेक्षा हळू गाडी चालवत होते, न जाणो थोडा कीस खरा असला तर.

नंतरचा फिल्टर कटरने उघडल्यावर निघाला तो चुंबकावर करडा, काजळासारखा मऊ लेप. असा लेप म्हणजे रोजची झीज. ती होणारच. दाजींनी तो एका काचेच्या बरणीत ठेवून झाकण लावलं आणि बरणीवर मैल लिहिले.

मागच्या उन्हाळ्यात ताईने गाडी विकायचं ठरवलं. मुलं मोठी झाली, सात सीट कुणाला हव्यात? एक गृहस्थ बघायला आले. स्वतः मेकॅनिक. बोलणं मोजकं. गाडीखाली शिरले, बॅटरी दातांत धरून. मी शेजारी होतो, पण मला कुणी काही सांगितलं नाही. आतून आवाज आला, "हे काय बसवलंय?"

या प्रश्नाची दाजी वर्षानुवर्षं वाट बघत होते. पस्तीस मायक्रॉन, परतीची नळी, चुंबक, बायपास झडपेबद्दलची आपली वैयक्तिक नापसंती, सगळं त्यांनी सांगितलं. गृहस्थ बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, "ट्रान्समिशनला काय झालं होतं?"

"काहीच नाही."

"काही झालं नव्हतं तर कुणी हे बसवत नाही." आणि त्यांनी किमतीतून पाचशे डॉलर कमी केले.

दाजींनी बाड काढलं. तेल बदलल्याच्या पावत्या दाखवल्या. आणखी दोनशे गेले. करड्या लेपाची बरणी दाखवली. गृहस्थांनी ती उजेडाकडे धरली, हलवली आणि तीनशे वजा केले. ताई दारातून डोळ्यांनी खुणावत होती, पुठ्ठा नको, पुठ्ठा नको. दाजींनी तारखांसकट पुठ्ठा आणला.

गृहस्थ जायला निघाले, पण मनाचे बरे होते. जाता जाता म्हणाले, "विकायचीच असेल तर हे काढा आणि आधीची नळी लावा. कुणी विचारणार नाही." आधीची नळी दाजींकडे होतीच, कापलेले तुकडे पिशवीत चिठ्ठी लावून ठेवलेले, आणि तशी नवी दुकानात दहा डॉलरला मिळते. ताई म्हणाली, आजच लावा. दाजी पिशवी हातात घेऊन बराच वेळ गाडीभोवती फिरले. मग पिशवी फळीवर परत ठेवली. अनोळखी माणसाच्या गळ्यात इतकी उघडी गाडी बांधणं त्यांच्या मनाला पटेना.